प्लेलिस्ट काढली की माणसं दुसऱ्या प्लेलिस्टमध्ये जात नाहीत, झोपायला जातात

परत तेच झालं. आम्ही जो शूटर, म्हणजे बंदुकांचा ऑनलाइन गेम, खेळतो (नाव घेत नाही, उगाच कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडतील आणि मुद्दा राहील बाजूला) त्याच्या नव्या सीझनच्या पॅच नोट्समध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, पार तळाला, बंदुकांचे बदल आणि कुठल्यातरी हेल्मेटचा रंग यांच्या मधे एक ओळ होती, अमुक प्लेलिस्ट (मेनूतून निवडायचा खेळाचा प्रकार, म्हणजे मोड, किंवा अशा काही मोड्सचा गट) कमी प्रतिसादामुळे बंद करतोय. बस, एवढंच. मग नेहमीची भांडणं. एक गट म्हणतो तसंही तिथे कोण खेळत होतं, दुसरा म्हणतो आम्ही खेळत होतो की, आम्ही काय भुतं आहोत का.

माझं म्हणणं असं, की तो "कमी प्रतिसाद" आभाळातून पडत नाही, बऱ्याचदा तो मेनूत बसून तयार केलेला असतो आणि नंतर तोच पुरावा म्हणून आपल्यालाच दाखवतात.

पण आधी कंपनीच्या बाजूचं गणित मांडतो, कारण ते खोटं नाही आणि "एवढे हजारो लोक ऑनलाइन दिसतात मग मला मॅच का मिळत नाही" असं विचारणाऱ्यांना ते कुणी नीट सांगत नाही. समजा तुमच्या सर्व्हरवर रात्री उशिरा १२०० जण ऑनलाइन आहेत. प्लेलिस्ट ८. सगळीकडे सारखे वाटले गेले (कधीच जात नाहीत, पण धरा) तर एकेकीत १५०. आता हे १५० जण तुमची वाट बघत बसलेले नाहीत, ते मॅचमध्ये आहेत. मॅच १० मिनिटांची धरली तर मिनिटाला साधारण १५ जण मोकळे होऊन परत क्यूमध्ये, म्हणजे पुढच्या मॅचच्या रांगेत, येतात. सहा विरुद्ध सहा म्हणजे १२ जण लागतात, म्हणजे मिनिटाच्या आत मॅच, मस्त. आता त्यात स्किलचे नुसते तीन गट पाडा. प्रत्येक गटात मिनिटाला ५ जण, १२ जमायला जवळजवळ अडीच मिनिटं. इथपर्यंत ठीक आहे, पाणी पिऊन येतो माणूस. पण खरं काय होतं, अर्धी जनता एकाच प्लेलिस्टमध्ये असते, म्हणजे ६०० तिकडेच गेले, उरलेल्या सात जणींच्या वाट्याला सरासरी ८५ आले आणि वेळ गेला चार मिनिटांवर. आणि ज्या बिचारीत ४० जण आहेत तिथे याच हिशोबाने नऊ मिनिटं. यात वाट बघून कंटाळून निघून जाणारे धरलेच नाहीत. मित्रांच्या पार्टीत चौघं असलेले वेगळे, कंट्रोलर आणि माउस वेगळे, हेही धरलेलं नाही.

म्हणजे लोकसंख्या निम्मी झाली की वाट बघणं दुप्पट होतं आणि मग थांबत नाही, कारण नऊ मिनिटं बघितल्यावर त्या ४० मधले १० जण कंटाळतात, मग ३० उरतात, मग बारा मिनिटं. स्क्रीनवर ७/१२ दिसतं, मग ९/१२, तुम्ही सरसावून बसता, हेडफोन नीट करता, आणि ६/१२. तीन जणांची पार्टी निघून गेली. शेवटी सिस्टीम हात पसरते, लांबच्या सर्व्हरवर टाकते, ४० चा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) १८० होतो, भिंतीच्या आड गेल्यावर सुद्धा तुम्ही मरता, आणि उद्या तुम्ही ती प्लेलिस्ट उघडतच नाही. हे ज्याने भोगलंय त्याला कळेल.

त्यामुळे "जितक्या जास्त प्लेलिस्ट तितकं चांगलं" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. २० डबे लावून सगळे रिकामे पळवण्यात अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. कमी करायच्या म्हणून किती कमी करायच्या? २०१७ मध्ये डेस्टिनी २ आला तेव्हा क्रूसिबलमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतींत, दोनच पर्याय होते, क्विकप्ले आणि कॉम्पिटिटिव्ह, आत कुठला मोड येईल ते नशिबावर. लोक वैतागले, नंतर हळूहळू मोड वेगळे करावे लागले. हॅलो इन्फिनिटने २०२१ मध्ये जवळपास तसंच केलं. १५ नोव्हेंबरला मल्टिप्लेअर फुकट आणि अचानक सोडलं, स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) एकाच वेळी अडीच लाखाच्या वर माणसं, आणि प्लेलिस्ट मोजून चार, त्यात एक बॉट्सची (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू). हॅलोमध्ये साधा स्लेयर (जास्त मारेल तो जिंकेल असा मोड) वेगळा निवडता येत नव्हता! वर बॅटल पासचे (टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या बक्षिसांची यादी) चॅलेंज असे, की अमुक मोडमध्येच तमुक करा. आता मोड निवडता येत नाही आणि चॅलेंज मोडचंच आहे तर माणूस काय करणार, मॅच सुरू झाली, झेंडा पळवायचा मोड हवा होता आणि आला कवटी धरून बसायचा, लगेच क्विट. मग उरलेले तिघं चौघांविरुद्ध. म्हणजे क्यूचा वेळ वाचवला आणि मॅचची माती केली. १४ डिसेंबरला स्लेयर, फिएस्टा वगैरे वेगळ्या प्लेलिस्ट आल्या, म्हणजे महिन्याभरात. त्या गेमची गर्दी नंतर ओसरली त्याला दहा कारणं आहेत, बिग टीम बॅटलची (मोठ्या टीमचा मोड) मॅचमेकिंग, म्हणजे खेळाडू जुळवणं, तर फेब्रुवारीपर्यंत बिघडलेली होती, त्यामुळे सगळं खापर प्लेलिस्टवर फोडणार नाही. पण सुरुवातीचा महिना परत मिळत नाही, एवढं नक्की.

इथे मला सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट येते. एखाद्या प्लेलिस्टमध्ये किती माणसं आहेत यावरून "लोकांना काय हवंय" हे कळतं असं डेव्हलपर छातीठोकपणे सांगतात. अरे पण ती प्लेलिस्ट होती कुठे? पहिल्या पानावर मोठ्या चित्रासकट, की उजवीकडे तीन वेळा सरकून, मग "आणखी मोड्स" दाबून, मग खाली? डबल एक्सपी (दुप्पट अनुभव-गुण) तिला होता का? चॅलेंज तिच्यात पूर्ण होत होते का? गेम उघडल्यावर कर्सर आपोआप कशावर असतो? निम्मे लोक कर्सर आहे तिथेच एंटर मारतात, मी पण मारतो. वस्तू माळ्यावर नेऊन ठेवायची आणि सहा महिन्यांनी म्हणायचं, बघा, कुणी वापरतच नाही.

आमच्या त्या गेममध्ये हेच झालं. आधी ती प्लेलिस्ट दुसऱ्या पानावर गेली. नंतरच्या सीझनला तिच्यात विकली चॅलेंज चालेनासे झाले. मग मॅच मिळायला वेळ लागायला लागला, मग आमच्यातलेच काही जण म्हणाले राहू दे रे, रोजचंच खेळू. आणि आता ही ओळ.

हॅलो ३ मध्ये (२००७) प्रत्येक प्लेलिस्टपुढे आत किती जण आहेत तो आकडा दिसायचा. हा आकडा दाखवावा की नाही यावर मी बराच वाद घातलाय लोकांशी. दाखवला तर लोक भरलेल्याच ठिकाणी जातात, छोटी अजून छोटी होते, हे खरंय. पण लपवला तर तुम्ही आंधळेपणाने सहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघत बसता आणि प्लेलिस्ट मेली आहे की तुमचं नेट गेलंय तेही कळत नाही. मला विचाराल तर दाखवाच, फक्त माणसांचा आकडा नको, अंदाजे वेळ दाखवा. "साधारण ४ मिनिटं" असं लिहिलं असेल तर मी थांबतो. न सांगता दोन मिनिटं सुद्धा थांबवत नाही.

आणि प्रत्येक वेळी नवीन प्लेलिस्ट आली की जुनी गर्दी फाटते असंही नाही हं. फोर्टनाइटने मार्च २०२२ मध्ये बांधकाम काही दिवस काढून टाकलं आणि मग त्याच महिन्यात झिरो बिल्ड (बांधकामाशिवायचा) कायमचा वेगळा मोड केला. कागदावर हे सरळ सरळ गर्दीचे दोन तुकडे करणं आहे. पण कितीतरी लोक असे होते जे समोरच्याने दोन सेकंदात पाच मजली इमारत उभी केली की गेम बंद करायचे, ते परत आले, म्हणजे माणसं आतून वाटली गेली नाहीत, बाहेरून आली. अर्थात फोर्टनाइटला हे परवडतं, तिथे माणसं कमी पडली तर लॉबीत बॉट भरायची सोय २०१९ पासून आहे. प्रत्येक गेमची तेवढी ऐपत नसते.

ओव्हरवॉचची गोष्ट वेगळ्या कारणासाठी बघण्यासारखी आहे. २०१९ मध्ये रोल क्यू आला, म्हणजे भूमिका आधी निवडूनच रांगेत उभं राहायचं, सहाच्या टीममध्ये दोन टँक (पुढे राहून मार झेलणारे), दोन डॅमेज (मारणारे), दोन सपोर्ट (सांभाळणारे). त्याआधी सहापैकी पाच जण डॅमेज घेऊन बसायचे आणि एकमेकांना शिव्या द्यायचे, त्यामुळे सगळे खूश झाले, आणि मग डॅमेजची क्यू बघून सगळ्यांचे डोळे पांढरे. कारण डॅमेज खेळायचंय सगळ्यांना आणि टँक कुणालाच नको. म्हणजे एकूण माणसं भरपूर, पण हवी ती माणसं नाहीत. मग गेमची कंपनी ब्लिझर्डने जो कुठलाही रोल चालेल म्हणेल त्याला प्रायॉरिटी पास (रांगेत पुढे जायची सवलत) दिला, ओपन क्यू (रोलचं बंधन नसलेली) कॉम्पिटिटिव्हमध्ये परत आणली, आणि २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ करताना टीमच पाचाची केली, एक टँक कमी. त्यावरही लोक अजून भांडतात. क्यू छोटी झाली म्हणून गेम चांगला झाला असं कुठे असतं.

स्किलचं पण बोलतो, कारण त्याशिवाय कमेंट बॉक्स शांत बसणार नाही. २०२४ च्या जुलैमध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने कॉल ऑफ ड्यूटीच्या मॅचमेकिंगवर लांबलचक पेपर काढला. त्यांनी त्या वर्षाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत काही खेळाडूंसाठी गुपचूप स्किलचं वजन कमी करून बघितलं होतं. दोन आठवड्यांत वरचे १० टक्के सोडले तर बाकी ९० टक्क्यांचं परत येण्याचं प्रमाण घसरलं. कंपनीचा स्वतःचा अभ्यास आहे, मीठ लावूनच घ्या, पण मला पटतो. कारण खालचा थर गेला की त्याच्या वरचा थर आपोआप सगळ्यात खालचा होतो, मार आता त्याला बसतो, मग तोही जातो. डेस्टिनीच्या ट्रायल्समध्ये (वीकेंडची स्पर्धा) हे वीकेंडला उघड दिसायचं, रविवारी रात्री लॉबीत फक्त वाघ उरायचे आणि वाघांचीच तक्रार, की समोर सगळे वाघच येतात.

यात मित्रांचं गणित कुणी धरतच नाही. मे २०२४ मध्ये एपेक्स लेजेंड्सने सोलोज (एकट्याने खेळायचा मोड) आणलं, लोकांची जुनी मागणी, छान, पण जागा केली ती ड्युओज (दोघांच्या टीमचा मोड) काढून. आता दोघंच मित्र रोज रात्री तासभर खेळतात त्यांनी काय करायचं? एकाने सोलो खेळायचं आणि दुसऱ्याने फोनवर ऐकायचं? ट्रायोजमध्ये गेले तर तिसरा अनोळखी येतो, तो उतरल्या उतरल्या मरतो आणि निघून जातो. अशा वेळी ते दोघं दुसऱ्या मोडमध्ये "शिफ्ट" होत नाहीत. एकाला कंटाळा आला की दोघंही जातात. आमच्याकडे पाच जणांचा ग्रुप होता, प्लेलिस्ट गेल्यावर दोघांनी इन्स्टॉलच काढून टाकलं आणि उरलेले आम्ही तिघं, चौघांच्या मोडमध्ये, रोज एक नवीन अनोळखी. कंपनीच्या तक्त्यात ४० माणसं तिकडून इकडे आली असं दिसत असेल. इकडे किती आली ते आम्हाला विचारा.

मग करायचं काय? मला सगळ्यात बरा वाटलेला उपाय टायटनफॉल २ मधला मिक्सटेप. तिथे जवळपास सगळी जनता अट्रिशन या एकाच मोडमध्ये, बाकी मोड ओस पडायला लागले, तर त्यांनी चार-पाच मोडवर टिक करू दिलं, ज्याची मॅच आधी तयार होईल त्यात जा. हॅलोच्या मास्टर चीफ कलेक्शनमध्येही नंतर असंच आलं, कुठला हॅलो, किती जणांचा, कुठला मोड, सगळं टिक करून शोधा. सगळे दुखणे जात नाहीत त्याने, लोक शेवटी एकाच खोक्यात टिक करतात, पण ज्याला थोडं चालतं त्याला थोडं सोडता येतं, आणि त्याच्यावर कुणी लादलेलं नसतं, हा मोठा फरक आहे.

दुसरं म्हणजे ठरलेले दिवस. हॅलो ३ मध्ये ग्रिफबॉलसारखे येडे प्रकार डबल एक्सपीच्या वीकेंडला यायचे, सगळे त्याच दोन-तीन दिवसांत तुटून पडायचे, क्यू क्षणात. आठवडाभर ४० जण विखरून मरण्यापेक्षा शुक्रवार ते रविवार ४०० जण एकत्र हे केव्हाही चांगलं. पण दिवस ठरलेला हवा. "लवकरच परत येईल" असं लिहून आठ महिने गायब, हे नको. आणि वेळही बघा रे, हेड ऑफिसच्या संध्याकाळी चालू केलं तर अर्ध्या जगात तेव्हा पहाट असते, मग तिथला आकडा कमी येणारच, आणि तो कमी आकडा घेऊन तुम्ही परत तीच ओळ लिहिणार.

ज्यांना त्या काढलेल्या मोडमध्ये अजून खेळायचंय त्यांच्यासाठी, कस्टम लॉबी (आपली आपण जमवलेली मॅच) करतोय शनिवारी रात्री. १२ लागतात, सध्या ७ आहोत. येणार असाल तर खाली लिहा, आणि "बघतो" असं लिहू नका, त्या लोकांनीच प्लेलिस्ट घालवली.