पट्टी लावून नागपूर

नकाशावर पट्टी ठेवली तर पुणे ते नागपूर सरळ रेषेत सहाशे किलोमीटर भरतं. विमानाचा वेग ताशी आठशे धरा. पाऊण तास. हा हिशेब मी मेहुणीच्या साखरपुड्याआधी बायकोसमोर मांडला आणि म्हणालो, "तू जा रात्रभर मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा मोजत. मी सकाळी येतो." ती काही बोलली नाही. बाकरवडीची पिशवी तेवढी माझ्या गळ्यात मारून गेली.

तिकिटावर पाऊण तासाचा एक तास पंचवीस मिनिटं झाला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, की ही वेळ विमान जागचं हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं आलं, चढणं-उतरणं आलं आणि उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता यावं म्हणून हातची राखलेली काही मिनिटंही आली. हे मला पटलं. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळही दहा मिनिटं पुढेच असतं.

सकाळी सहाला निघालो. कोथरूड ते लोहगावचा विमानतळ पट्टीने पंधरा किलोमीटरही भरत नाही. लागला एक तास पस्तीस मिनिटं. या वेगाने गेलो असतो तर नागपूरला पोचायला अडीच दिवस लागले असते. (रिक्षात मोबाइलवर हा भागाकार करायला वेळ भरपूर होता.)

सव्वानऊच्या विमानाचं दार नऊ दहालाच बंद झालं. मी खूश. मग साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. पुढे रांग आहे, असं सांगण्यात आलं. खिडकीतून खाली पाहिलं तर शेजारच्या विमानाच्या चाकाला पिवळे ठोकळे लावलेले, आणि बाजूला कानावर डबडी चढवलेला एक माणूस नखं कुरतडत उभा. आमच्याही चाकाला तसेच ठोकळे असणार. म्हणजे कंपनीच्या हिशेबात आमचा प्रवास अजून सुरूच झाला नव्हता! मी मात्र पावणेचार तास प्रवास करून आंबलो होतो.

"काहून थांबून राहिलं जी हे?" शेजारच्या काकांनी मला विचारलं. जणू ठोकळे मीच लावले होते.

दहा वीसला हललो. हवेत जेमतेम तासभर होतो, आणि त्या तासाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पाण्याचा पेला संपेपर्यंत उतरायची घोषणा झाली. मग सोनेगावला सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा तास उभा राहिलो. दुसऱ्याची एकच लाल बॅग सात वेळा समोरून गेली. शेवटी तिची ओळख पटू लागली.

धरमपेठेत पोचलो तेव्हा एक वाजला होता. अंगठ्या घालून झाल्या होत्या, बायको आंघोळ-झोप आटोपून टवटवीत होती. सासरे दारातच होते. त्यांना झिरो माइलचा भारी अभिमान. तो दगडी खांब आणि ते चार घोडे दाखवून 'साऱ्या देशाचं अंतर इथून मोजत' हे ते दर भेटीला सांगतात.

"या जावईबापू. विमानानं किती वेळ लागला जी?"

"तासभर."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग बाकीचे सहा तास कुठं होते तुम्ही?"