टोस्टला एवढं झोडपू नका

नाश्त्याला टोस्ट खाणाऱ्यांना धडकी भरवणारा एक निरोप पुन्हा मोबाइलवर फिरतोय. त्यात म्हटलंय की भाजलेल्या ब्रेडने कॅन्सर होतो, ब्रेड म्हणजे निव्वळ साखर, खायचाच तर ब्राउन खा, आणि वर टोमॅटो-काकडी एकत्र ठेवू नका, ते बाधतं.

कॅन्सरचं अगदीच हवेतलं नाही. पिष्टमय पदार्थ १२० अंश सेल्सिअसच्या वर भाजले किंवा तळले की ॲक्रिलामाइड नावाचं रसायन तयार होतं. त्याला १९९४ मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं गेलं, पण प्रामुख्याने प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. ते रोजच्या अन्नात सापडतं हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ साली जाहीर केलं. आहारातून पोटात जाणाऱ्या प्रमाणामुळे माणसाला कॅन्सर होतो, असं मात्र ठामपणे दिसलेलं नाही. ब्रेड जितका काळा, तितकं ॲक्रिलामाइड जास्त. म्हणून सोनेरी रंगावर थांबायचं, बस्स.

साखरेच्या मुद्द्यात निरोप स्वतःच अडकतो. पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने वाढवतो त्याचा आकडा) साधारण ७५, आणि गव्हाच्या ब्राउन ब्रेडचा ७४! ब्राउनमध्ये तंतू जास्त असतात, हा त्याचा खरा फायदा. तोही पीठ खरंच अख्ख्या गव्हाचं असेल तर. नुसता रंग कॅरॅमलनेही येतो. पाकिटावरच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते वाचा. शिवाय कोरडा ब्रेड खातंय कोण? वर उकडलेलं अंडं (त्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं), घट्ट दही किंवा थोडं तेल आलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही.

आता टोमॅटो-काकडी. काकडीत क जीवनसत्त्व मोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, हे खरं. त्यावरून ‘बाधतं’पर्यंत उडी कशी मारली, देव जाणे. दोन्ही चिरून तासन्‌तास ठेवलं तर थोडं जीवनसत्त्व कमी होईल, एवढंच. टोस्टवर ते पाच मिनिटांत संपतं. उलट टोमॅटोतलं लायकोपीन, म्हणजे त्याचं लाल रंगद्रव्य, स्निग्धाबरोबर जास्त चांगलं शोषलं जातं, तेव्हा तेलाचे चार थेंब पडू द्या.

खरी अडचण वेगळीच आहे: दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी, त्यामुळे टोस्ट लिबलिबीत होतो. भाजल्यावर तो मिनिटभर उभा ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. आधी लोणी किंवा मऊ चीज लावा, मग चकत्या. मीठ आधी भुरभुरलं तर पाणी सुटणारच.

त्या मिठाबद्दल मात्र निरोपात चकार शब्द नाही. १०० ग्रॅम ब्रेडमध्येच जवळजवळ १ ग्रॅम मीठ असतं, चीजमध्ये त्याहून जास्त. आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खायला सांगते. मी वरून फक्त मिरी भरडते आणि लिंबू पिळते.