मुहूर्त बारा पस्तीसचा, घाई करू नका

गावाकडच्या लग्नाची पत्रिका आलीय ना? मग वधूवरांची नावं शोधत बसू नका, ती मधे कुठंतरी असतात. खरा मजकूर खाली सुरू होतो: निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक, समस्त भावकी. वर आशीर्वाद द्यायला आजी-माजी आमदार, फोटोसकट. या यादीतून एखादा चुलता सुटला, तर पुढची वीस वर्षं तो त्या घराच्या दारावरून मान वळवून जातो. म्हणून बार्शी-धाराशिवकडच्या पत्रिका मतदारयादीच्या वळणावर गेल्यात. कोपऱ्यात ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणणारी नातवंडं असतील. त्यातलं एखादं अजून पाळण्यात असेल, तरी त्याच्या शब्दाला मान द्या.

मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. बरोबर वेळेवर गेलात तर मांडवात तुम्ही, खुर्च्या उलगडणारी पोरं आणि आचाऱ्याची आरडाओरड, एवढंच भेटेल. नवरदेव अजून मारुतीच्या पारावर आहे. पारापासून मांडव दोनशे पावलांवर, पण मधे डीजे आहे. एप्रिल-मेचं ऊन, घोड्यावर सूट घातलेला नवरदेव, कपाळावरून नाकावर घसरणारं बाशिंग, आणि पुढं त्याचे मित्र रस्त्यावर आडवे पडून नागीण करतायत. त्यांना ‘चला रे आता’ म्हणू नका. एकदा एका मामांनी म्हटलं आणि दोस्तमंडळी जेवायलाच बसेनात, मग मामांनाच नाचावं लागलं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, असा नियम देशात 2000 सालापासून आहे. वरातीला कोणाकडंच घड्याळ नसतं, त्याला काय करणार?

वरात मांडवात पोचली म्हणजे लग्न लागलं, असं समजू नका. साहेब फाट्यावर आलेत. नवरा-नवरी अंतरपाटाच्या अल्याड-पल्याड हार धरून उभे, भटजींच्या हातातला माइक निवेदकानं काढून घेतलेला, आणि सत्कार चालू. फेटा, शाल, नारळ. साहेबांचं मनोगत ‘वेळेअभावी दोनच शब्द’ असतं, त्यात पाणीप्रश्न येतो, कारखान्याचं बिल येतं, शेवटी घाईघाईत उभय वधूवरांना शुभेच्छाही येतात. चुकीची नावं घेतली तरी टाळ्या वाजवा. त्यांचं आज हे सातवं लग्न आहे, अजून चार बाकी आहेत.

मंगलाष्टका चालू झाल्या की बसल्या जागी अक्षता टाका. या भागात बऱ्याच ठिकाणी अक्षता रंगवलेल्या ज्वारीच्या असतात. मागून फेकलेली ज्वारी नवरा-नवरीपर्यंत कधीच जात नाही, पुढच्या रांगेतल्या पाव्हण्यांच्या कॉलरमध्ये जाते. ‘तदेव लग्नं’ ऐकू आलं की जाणकार माणसं चपला शोधायला लागतात. तुम्हीही उठा, कारण पहिली पंगत हुकली तर दुसरीला बुंदी संपते आणि आमटीत पाणी वाढतं.

जेवण झाल्यावर मानपानाकडं वळू. टॉवेल-टोपीचा आहेर हसतमुखानं घ्या. ती टोपी डोक्यात बसणार नाही. ती कोणाच्याच बसत नाही, म्हणून तर या लग्नातून त्या लग्नात कडक घडीतच फिरते. घरी नेऊन वापरायला काढलीत तर सगळा व्यवहार खोळंबेल.

हुंड्याचा विषय चुकूनही काढू नका. हुंडा कुठं असतो आता? 1961 सालापासून कायदा आहे. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही किमान 5 वर्षांची कैद सांगितलीय. म्हणून वरपक्ष स्वच्छ सांगतो, ‘आम्हाला काही नको, लग्न तेवढं चांगलं करून द्या.’ मांडवाच्या तोंडाशी हार घालून उभी केलेली बुलेट ही मुलीच्या बापाची हौस. दीड एकर गेलं तेही हौसेनंच. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. तो सकाळपासून हात जोडून ‘जेवलात का?’ एवढंच विचारतोय, आणि स्वतः उपाशी आहे.

निघताना आहेराच्या टेबलाशी थांबायला विसरू नका. भेटवस्तूंची सह्यांसकट यादी ठेवावी, असा सरकारी नियम 1985 चा आहे. गावानं तो केव्हाच मनावर घेतलाय, फक्त त्या वहीत बुलेट लिहीत नाहीत, तुमचे 101 लिहितात. नाव, गाव आणि रक्कम माइकवर पुकारली जाते, तेव्हा पाकीट देऊन सटकू नका, पुकारा होईपर्यंत उभे राहा. एकाच आडनावाची चाळीस घरं असलेल्या गावात तुमचे पैसे भलत्याच्या नावावर पडले, तर तुमच्या पोरीच्या लग्नात ते परत येणार नाहीत, आणि वर चारचौघांत ऐकावं लागेल की पाव्हणा फुकट जेवून गेला.