थेंबे थेंबे टाकी उपसे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं. मोजलेली तळी खरं तर 11,842 आहेत, पण इथली माणसं बढाईसुद्धा कमी करून मारतात. अशा पाणीदार राज्यात मी, जन्माने लातूरकर, दर ऑक्टोबरला खडीवर पाठ टेकून एका डब्याखाली झोपतो आणि त्यातून पाण्याचा शेवटचा थेंब बाहेर काढतो. काढला नाही तर उन्हाळ्यात रडायची पाळी येते. एकदा आली होती, सांगतो पुढे.

डबा म्हणजे आमचा कॅम्पर. पिकअपला जोडून ओढायचं बावीस फुटी घर. आत ओटा, शेगडी, फ्रिज, पलंग, मोरी आणि संडास. आमच्या गल्लीत एवढ्या जागेत दोन बिऱ्हाडं राहायची. एका निवृत्त जोडप्याकडून तो जुना घेतला तेव्हा आजोबांनी चावीबरोबर एक चारपानी यादी दिली. वर लिहिलं होतं, ‘हिवाळ्याआधी’. मी ती नीट घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवली, जशी आपण सगळे प्रेशर कुकरची माहितीपुस्तिका ठेवतो.

त्या उन्हाळ्यात आई-आण्णा आले होते. त्यांना घेऊन पहिली सफर केली ती इटास्काची, जिथून मिसिसिपी निघते. तिथे ती नदी दगडांवर पाय देत ओलांडता येते. आईने दगडावर उभं राहून हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, ‘‘एवढीशीच व्हय?’’ मग तिने पिशवीतून गंगाजलाचा गडू काढला. तोंड झाळून बंद केलेला, लिंबापेक्षा थोडा मोठा, तांब्याचा. काशीहून कुणीतरी आणलेला. ‘‘गाडीत गंगा असली की विघ्न येत नाही,’’ असं म्हणून तो तिने शेगडीवरच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून तो तिथेच असायचा. वळणावर गडगडायचा आणि आपण आहोत हे सांगायचा.

दसऱ्याला कॅम्परची पूजा केली, झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू चिरडलं. शस्त्रांच्या जागी पाना आणि जॅक मांडला. आता या वाहनाचं सगळं झालं असं मला मनापासून वाटलं. यादीत लिंबाचा उल्लेख नव्हता, पण त्या आजोबांना काय माहीत.

पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं. हे मी दहावीत पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे गुणही घेतले होते. लातूरमध्ये या ज्ञानाचा उपयोग एवढाच, की कुल्फीच्या साच्यात वर थोडी जागा सोडायची. इथे मात्र ते नऊ टक्के पाइपात, नळात, पंपात, संडासाच्या झडपेत शिरतात आणि जिथे प्लास्टिक सगळ्यात महाग आहे तिथे बाहेर पडतात. याच राज्यात टॉवर नावाच्या गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 ला पारा उणे 60 फॅरनहाइटवर गेला होता. म्हणजे उणे 51 सेल्सियस. लातूरच्या मे महिन्याला उलटं टांगलं तरी एवढं होत नाही.

तर पहिल्या वर्षी मी टाकी रिकामी केली, नळ उघडून ठेवले आणि हात झटकले. मे महिन्यात पाणी भरून पंप चालू केला. आतले नळ सुतासारखे चालले. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघत असताना पलंगाखालून कारंजं उडालं. कॅम्परला बाहेरच्या अंगाला, एका छोट्या दाराआड, पाय धुवायचा शॉवर असतो. तो मला माहीत होता, पण त्याला पाइप आहे आणि त्या पाइपात पाणी आहे हा विचार शिवला नव्हता. गादी भिजली, फळ्या फुगल्या. दुरुस्तीवाल्याने बिल दिलं ते मी बायकोला अजून पूर्ण दाखवलेलं नाही. दुमडून दाखवलं.

दुसऱ्या वर्षीपासून यादी बाहेर आली.

पहिलं काम मैल्याच्या टाकीचं. त्याबद्दल एवढंच सांगतो, की जाड नळी, लांब हातमोजे आणि वाऱ्याची दिशा या तीन गोष्टी सांभाळाव्यात. मी दोन सांभाळल्या होत्या.

मग बंब. त्याला इथे वॉटर हीटर म्हणतात, सहा गॅलनचा, म्हणजे जवळपास 23 लिटर. तो आधी गार होऊ द्यायचा, मग आतला दाब सोडायचा, मग खालचा नट फिरवायचा. हा क्रम मी वाचला होता, पण वाचणं आणि अंगवळणी पडणं यात पॅंट भिजण्याचा फरक असतो. त्या नटाला आतून मॅग्नेशियमची कांडी जोडलेली असते. बंबाचं पोलाद गंजू नये म्हणून ती स्वतः झिजत राहते. घरातली आईच म्हणा ना. बाहेर काढली तर ती चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी दिसत होती. मधली तार आणि चोथा.

टाकीचं पाणी सोडलं आणि नेमका त्याच वेळी आण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मी कॅम्परखाली आडवा, फोन छातीवर. पलीकडे लातूर, रात्रीचे साडेनऊ.

‘‘काय करायलास रे गाडीखाली?’’

‘‘पाणी सोडायलोय आण्णा.’’

‘‘कसलं पाणी? घाण हाय का?’’

‘‘नाही, पिण्याचं आहे. चांगलं आहे.’’

‘‘किती?’’

‘‘असेल दीडशे लिटर.’’

आण्णा गप्प झाले. फोन अडकला असं मला वाटलं, पण मागे पंखा फिरत होता.

त्यांचं गप्प होणं समजायला लातूरच्या नळाची ओळख पाहिजे. आमच्याकडे नळ रोज येत नसे. आठवड्याने यायचा, कधी पंधरवड्याने, आणि यायचा तो पाव्हण्यासारखा अवेळी. पाणी सुटण्याआधी नळ नुसताच फुसफुसायचा. ती फुसफुस ऐकली की घरातलं झोपलेलं माणूससुद्धा घागर घेऊन उभं राहायचं. पिंप, हंडे, कळशा, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा भरायच्या. 2016 च्या उन्हाळ्यात तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिली गाडी 12 एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात कलम 144 लावलं होतं. पाण्याला जमावबंदी! ती गाडी मी इथे मोबाइलवर बघत होतो, आंघोळ करून आल्यावर, केस पुसता पुसता. आण्णांनी त्या वर्षी भाजी धुतलेलं पाणी लादीला, लादीचं पाणी संडासाला, असा एकेक तांब्या तीन तीनदा कामाला लावला होता.

‘‘झाडाला तरी घाल,’’ अखेर ते म्हणाले.

‘‘पानं गळलीत आण्णा. झाडं झोपलीत इथली.’’

‘‘झोपलेल्या माणसाला तहान लागत नाही का?’’

याला यादीत उत्तर नव्हतं. मी बादली आणली. त्या सकाळी मी पान नसलेल्या मेपलच्या बुंध्याशी आठ बादल्या ओतल्या. शेजारचे आजोबा त्यांच्या ओट्यावरून बघत होते. त्यांचे पूर्वज नॉर्वेचे. आपल्याकडे ‘अगंबाई’ म्हणतात तिथे ते ‘उफ् डा’ म्हणतात. दसऱ्याचं लिंबू त्यांनी आदल्या आठवड्यात पाहिलं होतं, त्यामुळे बादल्यासुद्धा धर्मात बसत असाव्यात असं समजून ते काही बोलले नाहीत. आठव्या बादलीला फक्त टोपी काढली.

मग हवा. कॉम्प्रेसर पाण्याच्या तोंडाला जोडायचा, हवेचा दाब चाळीस-पन्नास पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि एकेक नळ उघडत जायचं. पाइपातलं उरलंसुरलं पाणी थुंकत, खोकत, फुसफुसत बाहेर येतं. मुलगी आतून हसून लोळत होती, कारण ते आवाज शाळकरी वयात फार मोलाचे असतात. आणि मी? पहिल्या फुसफुशीला माझा हात आपोआप बादलीकडे गेला. वीस वर्षं झाली देश सोडून, मेंदूला कळतं, हाताला नाही.

हवा मारूनही कोपऱ्याकापऱ्यात पाणी राहतंच. त्यासाठी गुलाबी द्रव मिळतो, प्रोपिलीन ग्लायकॉलचा. गाडीच्या रेडिएटरमधला साधा हिरवा विषारी असतो, तो इथे चालत नाही. गुलाबी मात्र अगदी गुलाबाच्या सरबतासारखा दिसतो. बाटलीवर उणे 50 फॅरनहाइट लिहिलेलं आणि माझ्या डोक्यात टॉवर गावचे उणे 60. या दहा अंशांनी मला दोन रात्री झोपू दिलं नाही. शेजारच्या आजोबांनी समजावलं, की तो त्याच्या कितीतरी आधीच घट्ट व्हायला लागतो, पण बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत होतो, पाइप फोडत नाही. गोळा म्हटल्यावर मला पटलं.

पंपाची नळी त्या बाटलीत सोडायची आणि प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत थांबायचं. गरमचा वेगळा, गारचा वेगळा. बायको आत नळाशी, मी बाहेर बाटलीशी.

‘‘आलं का?’’

‘‘नाही.’’

पहिली बाटली संपली.

‘‘आलं का?’’

‘‘गारचं आलं. गरमचं नुसतं फुस्स करतंय.’’

दुसरी बाटली संपली. अमेरिकेत राहून, स्वतःच्या मालकीच्या नळापाशी, आम्ही ‘आलं का’ एवढंच बोलत होतो. तिसरीही अर्धी झाल्यावर बायकोने यादी मागवली आणि दुसऱ्या पानावरची अधोरेखित ओळ वाचून दाखवली: आधी बंबाचा बायपास फिरवणे. बायपास म्हटलं की मला दोनच माहीत, एक काकांचा आणि एक सोलापूरजवळचा. हा तिसरा पलंगाखाली, फळीच्या मागे, बोटभर झडपेच्या रूपात होता. ती फिरवली नाही तर नळाचं तोंड बघण्याआधी 23 लिटरचा बंब पोट भरून घेतो. मी त्याला अडीच गॅलन सरबत पाजलं होतं. परत नट काढून ते सोडलं. बादलीत धरायला गेलो आणि आण्णांची आठवण होऊन वाईट वाटलं, पण हे मेपललाही देता येईना.

बाहेरच्या शॉवरला मात्र मी जातीने गेलो. गुलाबी येईपर्यंत आणि आल्यावरही दोन मिनिटं.

बॅटरी काढून तळघरात नेली, कारण उतरलेली बॅटरी गोठते, भरलेली सहसा नाही. ती लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवल्याबद्दल जे ऐकायला मिळालं ते इथे लिहीत नाही. गॅसच्या टाक्या बंद केल्या. फ्रिजला बुरशी येऊ नये म्हणून दार उघडं राहायला हवं, तर मध्ये लाटणं अडकवलं. दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या वेळी ते लाटणं शोधण्यात अर्धा तास गेला, तोही माझ्या नावावर जमा आहे.

आणि उंदीर. इथले उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत येतात. सगळी भोकं मी तारेच्या लोकरीने बुजवली, कोपऱ्यात पुदिन्याच्या तेलाचे बोळे ठेवले, आईच्या सांगण्यावरून डांबरगोळ्याही टाकल्या. पण आदल्या दिवाळीत मुलीने बाकाखाली सांडलेला चिवडा कुणी बघितला नव्हता. त्या वर्षी उंदीरमामांनी चिवड्यातले दाणे निवडून खाल्ले (डाळं ठेवलं, चोखंदळ होते) आणि आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी कुरतडून तिच्यात घर केलं. वसंतात घडी उघडली तर आत पाच पिल्लं. गोधडीची ऊब एवढी खात्रीची, की मला रागही नीट येईना. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘‘बाळंतीण होती, राहू दे.’’ तेव्हापासून गोधड्या घरात आणि चिवड्याला कॅम्परमध्ये बंदी. चाकांना झापडं, वर ताडपत्री. संपलं.

संपतं कुठे? जानेवारीत एका रात्री पारा उणे 25 सेल्सियसच्या खाली गेला. मी दीड वाजता ताडकन उठून बसलो. बाहेरचा शॉवर! केला होता, नक्की केला होता, पण रात्री दीडला ‘नक्की’ या शब्दाला काही किंमत नसते. बूट, दोन कोट, कानटोपी, टॉर्च घेऊन निघालो. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. ताडपत्रीचा कोपरा उचलून आत शिरलो. शॉवर ठीक. संडासात गुलाबी गोळा तयार. नळ कोरडे, बंब कोरडा, पंप कोरडा. बावीस फुटांत पाण्याचा एक थेंब नाही. समाधानाने वळलो आणि उजेड शेगडीवरच्या फळीवर पडला.

गडू.

तो फुटला नव्हता. तांबं समजूतदार असतं. नऊ टक्के त्याने पोटात घेतले होते. बुडाचा सपाट भाग बाहेर येऊन तो आता लिंबासारखा गोल झाला होता आणि फळीवर उभा राहायचं सोडून एका कुशीवर पडला होता. मी त्याला कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आणलं. बुडाला टेकू हवा म्हणून देवघरात एका वाटीत बसवला. वितळला, पण बूड काही परत बसलं नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीने आईला देवघर दाखवलं. आईची नजर घारीची.

‘‘गडू वाटीत का रे ठेवलास? फुगल्यासारखा दिसायलाय.’’

मी काही बोलण्याआधी मागून आण्णांचा आवाज आला.

‘‘तिकडचं पाणी मानवलं असंल त्याला.’’