कठडा नसलेला कडा

दादा, वहिनी आणि भाचा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे स्टावांगरला येताहेत. नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं हे शहर, इथल्या तेलउद्योगाचं केंद्र. नऊ वर्षांत घरचं कुणी पहिल्यांदाच येतंय, त्यामुळे दोन महिने रविवारच्या फोनवर दुसरा विषय नाही.

सुरुवात झाली ती दादाच्या इच्छेपासून: मध्यरात्रीचा सूर्यही बघायचा आणि नॉर्दर्न लाइट्सही. हे एका सहलीत जमत नाही, हे त्याला समजावायला एक रविवार गेला. उत्तरेला ट्रॉम्सोमध्ये सूर्य मावळत नाही तो साधारण २० मे ते २२ जुलै. आणि नॉर्दर्न लाइट्स दिसायला रात्र काळी लागते, म्हणजे ऑगस्ट सरता सरता थांबावं लागतं. त्याच्या रजेच्या दिवसांत दोन्ही नाही. तो खरंच हिरमुसला. मग मी म्हटलं, दादा, उत्तरेचं विमानभाडं वाचव, माझ्या घरापासून तासाभरावरचे डोंगर बघ. रात्री दहापर्यंत उजेड असतो. वहिनीला सांगितलं, मेतकूट, भाजणी, चटण्या हव्या तेवढ्या आण, पण साजूक तूप आणि पेढे नकोत. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

खरा वाद पेटला प्रेकेस्तोलेनवरून. लिसेफ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी; तिच्या पाण्यावर ६०४ मीटर उंच, वरून सपाट असा हा दगडी कडा. त्याच्या टोकाला कठडा नाही. साखळी नाही, दोरी नाही, पहारेकरी नाही. वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं तिथे जातात. व्हिडिओ बघून दादाने फोन केला, "अगं, सरकार परवानगी कशी देतं याला?" आणि त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर त्याने जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश टाकला: पावसाळ्यात अमुक किल्ले, अमुक धबधबे, अमुक धरणांच्या परिसरात जायला मनाई. पूर्वी हे कलम १४४ खाली व्हायचं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली होतं. खाली दादाची ओळ होती: "बंदीच हवी. आपली माणसं ऐकत नाहीत."

त्याच्या बोलण्यामागची भीती मला कळते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ मी इथे ऑफिसच्या कँटीनमध्ये पाहिला आणि जेवण पुढे गेलं नाही. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. चिंचवडहून कुंडमळा किती जवळ! आम्ही लहानपणी तिथे डबे घेऊन जायचो. अशा वेळी अधिकाऱ्यांनी हात बांधून बसावं असं कोण म्हणेल?

पण दरवर्षी बंदीवरच थांबायचं, हे मला पटत नाही. बंदी कुठे लागते? पायथ्याला, रस्त्यावर, जिथे दोन हवालदार उभे राहू शकतात तिथे. लोक घरी परतत नाहीत. ते शेजारच्या नाव नसलेल्या धबधब्याकडे वळतात, जिथे ना फलक, ना दोर, ना वाट माहीत असलेलं कुणी. आणि गडाच्या वाडीतली जी बाई चार महिने पिठलं-भाकरी विकून वर्षाचा किराणा भरते, तिचे शनिवार-रविवार बुडतात. तिला कुणी विचारत नाही.

इथे कायदा उलट्या बाजूने सुरू होतो. १९५७ च्या कायद्याने प्रत्येकाला मोकळ्या रानात, डोंगरात, किनाऱ्यावर हिंडायचा हक्क दिला आहे, जमीन कुणाच्याही मालकीची असो. त्याला अलेमान्सरेत्तेन म्हणतात, सगळ्यांचा हक्क. तंबू ठोका, पण घरापासून १५० मीटर लांब. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर रानात आग पेटवायची नाही. हक्क आणि त्याची मर्यादा मुलं एकत्रच शिकतात. सोबत डोंगराचे नऊ नियमही शिकतात. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात अठरा माणसं दगावली, त्यानंतर या नियमांचा प्रचार जोरात झाला. कुठे जाताय ते कुणाला तरी सांगून जा, हवामान बघा, झेपेल तेवढंच चाला. आणि आठवा नियम: वेळेवर परत फिरा, परत फिरण्यात लाज नाही.

हा आठवा नियम मी प्रेकेस्तोलेनच्याच वाटेवर शिकले. माझं इथलं पहिलं वर्ष, एप्रिल महिना. पार्किंगपासून वर चार किलोमीटर चढायचं. वाटेत दगडी पायऱ्या आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बसवलेल्या, एकेक धोंडा जागच्या जागी. त्या दिवशी पायऱ्यांवर काचेसारखा पातळ बर्फ होता. माझी सहकारी वाकली, हातमोजा काढून बोटाने दगड चाचपला आणि म्हणाली, "आज नको." वरून एक साठीच्या बाई काठ्या टेकत उतरत होत्या, त्यांनीही मान हलवली. आम्ही वळलो. शेवटचा टप्पाच काय तो राहिला होता. मी गाडीत गप्प बसून होते, हरल्यासारखी. सहकारीने मात्र थर्मास उघडून कॉफी ओतली आणि पुढच्या महिन्यातली तारीख ठरवून टाकली.

मला तेव्हा हरिश्चंद्रगड आठवला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, पावसात. आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला होता आणि ती कुणाला न सांगता चालत राहिली. कारण आदल्या ट्रेकला अर्ध्यातून परतलेल्या मुलाला आम्ही सहा महिने चिडवलं होतं. त्या चिडवण्यात मीही होते. रात्री गुहेत तिने बूट काढला, तेव्हा घोटा वांग्यासारखा सुजलेला होता. कुठल्याही आदेशाने हे थांबलं नसतं. एकाने जरी "चल, फिरू या" म्हटलं असतं, तर थांबलं असतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी सांगणार नाही. इथेही लोक कड्यांवरून पडतात, दुर्घटना झाली की कठड्याची चर्चा पुन्हा निघते. ट्रोलतुंगा हा असाच दुसरा प्रसिद्ध कडा, जिभेसारखा पुढे आलेला. त्याच्या वाटेवरून थकलेल्या, रस्ता चुकलेल्या पर्यटकांना इतक्या वेळा उतरवावं लागलं की आता मोसमात तिथे डोंगररक्षक फिरतात. सकाळी उशिरा निघालेल्यांना ते समजावून परत पाठवतात. २७-२८ किलोमीटरची ती चाल, दहा-बारा तासांची, दुपारी सुरू करायची नसतेच. गर्दीने इथली गावंही कावली आहेत. पर्यटकांच्या मुक्कामावर तीन टक्क्यांपर्यंत शुल्क घ्यायची मुभा नगरपालिकांना देणारा कायदा २०२५ मध्ये संसदेने केला.

आणि दादाचा सगळ्यात वजनदार मुद्दा: माणसं किती! बरोबर आहे. नॉर्वेची मुख्य भूमी सव्वातीन लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्र तीन लाख आठ हजार. जवळपास तेवढाच प्रदेश. पण इथे माणसं साडेपंचावन्न-छप्पन्न लाख, आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सव्वाअकरा कोटी. लोहगडावर रविवारी जेवढी रांग लागते तेवढी माणसं इथल्या काही खोऱ्यांत राहतही नाहीत. म्हणून सगळं मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. कासला फुलांच्या मोसमात आगाऊ नोंदणी आणि दिवसाची मर्यादा आहे, तशी मोठ्या गडांवर शनिवार-रविवारी खुशाल असावी. धबधबा फुगला की त्या दिवसापुरती वाट बंदही करावी.

पण डोंगररक्षकाची गोष्ट आपल्याकडे उद्या होऊ शकते. गडाच्या वाडीतल्या पोरांना ओढा कधी फुगेल, कुठली घळ घात करते, हे पाठ असतं. त्यांना चार महिन्यांचा पगार द्या, अंगावर जॅकेट द्या, हातात वॉकीटॉकी द्या आणि परत पाठवायचा अधिकार द्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. त्या अकरांपासून सुरुवात करा. शोधकार्यात इथेही बरीचशी माणसं स्वयंसेवकच असतात, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखीच, नोकरी सांभाळून मध्यरात्री दोर घेऊन निघणारी. फरक साधनांचा आहे. इथे त्यांच्या मदतीला सरकारी हेलिकॉप्टर येतं.

मला दादाला आणखी एक दाखवायचंय. इथल्या डोंगरभटक्यांच्या संघटनेच्या, १८६८ पासून चालत आलेल्या संस्थेच्या, डोंगरातल्या झोपड्या. बऱ्याच ठिकाणी राखणदार नसतो. सभासदांना मिळणारी एकच किल्ली बहुतेक दारांना चालते. आत कोठीत कुरकुरीत ब्रेडची पाकिटं, सुपाचे डबे, कॉफी. हवं ते घ्यायचं, काय घेतलं ते लिहायचं, पैसे भरायचे. पाणी ओढ्यावरून आणायचं. निघताना झाडून घ्यायचं आणि पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. पहिल्यांदा त्या कोठीत उभी राहिले तेव्हा आजोळी, पाटणजवळच्या आमच्या गावी, देवळातल्या धर्मशाळेची आठवण झाली. तिथेही उतरणारा माणूस सकाळी सारवून, पाण्याचा हंडा भरून निघायचा. कुणी बघत नसे.

भाच्याने नऊही नियम मराठीत लिहून काढलेत आणि घरच्या ग्रुपवर टाकलेत. दादाने त्यावर काही लिहिलं नाही. पण काल त्याचा फोन आला. मंगळवारी प्रेकेस्तोलेन, बुधवारी बोटीने लिसेफ्योर्ड असं मी ठरवलं होतं. तो म्हणाला, "बुधवार मोकळा ठेव. मंगळवारी पाऊस असला तर खालूनच फिरू, आणि बुधवारी परत जाऊ."