जॉन कझालला ‘गॉडफादर’ लॉटरीत लागला नव्हता

भाचीच्या एकांकिकेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘जॉन कझाल. ऑफिसात कागद पोचवणारा पोऱ्या, अभिनयाचा गंध नाही, नशिबाने गॉडफादरमधला फ्रेडो मिळाला. तो होताच तसा बावळट. पाच सिनेमे केले, पाचही बेस्ट पिक्चर! मेरिल स्ट्रीपचा नवरा. तालमींत वर्षं घालवू नका.’ ऐन तालमीच्या दिवसांत पोरांच्या हातात हे पडलंय, म्हणून राग येतो.

नोकरीचं खरं आहे. तो स्टँडर्ड ऑइलमध्ये निरोप्या होता आणि पुढे ‘गॉडफादर’मध्ये त्याचा भाऊ झालेल्या अल पचिनोची ओळख तिथलीच. पण बॉस्टन युनिव्हर्सिटीत नाटक शिकून आलेल्या माणसाची ती पोटापुरती नोकरी होती. 1968 साली न्यूयॉर्कला इझ्रायल होरोविट्झचं ‘द इंडियन वाँट्स द ब्रॉन्क्स’ लागलं. त्यात कझाल झाला होता गुप्ता: मुलाकडे निघालेला, रात्री शहरात वाट चुकलेला भारतीय. त्याला इंग्रजी येत नाही, तो हिंदीत बोलतो आणि दोन टवाळ पोरं त्याला छळतात. त्यातला एक पचिनो. समोरच्या प्रेक्षकाला शब्द कळत नाहीत, म्हणजे भीती, विनवणी, गोंधळ सगळं आवाजातून आणि अंगातून पोचवायचं. इटालियन बापाच्या, मॅसॅच्युसेट्सच्या पोराने हे केलं आणि त्याला आणि पचिनोला, दोघांनाही ओबी हा न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. फ्रेडोसाठीही कास्टिंग करणाऱ्या फ्रेड रूसने त्याला हेरलं ते होरोविट्झच्याच ‘लाइन’ नाटकात. तेव्हा कझाल पस्तिशीत होता. एवढी वर्षं रंगमंचावर काढली नसती तर रूसला दिसला कुठे असता?

आणि ‘होताच तसा’? ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात फ्रेडो, माफिया घराण्यातला दुबळा समजला जाणारा भाऊ, धाकट्या भावावर उसळतो तो प्रसंग बघा. तो मागे कललेल्या आरामखुर्चीत पडलाय. मीही हुशार आहे, असं ओरडताना अंग उचलू बघतो आणि खुर्ची त्याला पुन्हा आत ओढते. सगळा संताप आडव्या अंगाने. करून बघा, दुसऱ्या वाक्याला श्वास तुटतो. ‘डॉग डे आफ्टरनून’मधला बँक लुटायला आलेला सॅल याच्या अगदी उलट, जवळजवळ गप्प. पळून कुठल्या देशात जायचं, या प्रश्नावर तो गंभीरपणे ‘वायोमिंग’ म्हणतो, जे अमेरिकेतलंच एक राज्य आहे. ते उत्तर संहितेत नव्हतं, कझालचं होतं. 2009 सालच्या ‘आय न्यू इट वॉज यू’ या माहितीपटात दिग्दर्शक सिडनी ल्युमेट हे सांगतात.

पाच सिनेमे बरोबर. पाचांनाही ऑस्करच्या बेस्ट पिक्चरचं नामांकन होतं, हेही मान्य. जिंकले तीन: गॉडफादरचे दोन भाग आणि ‘द डिअर हंटर’. ‘द कॉन्व्हर्सेशन’ 1974 सालासाठी गॉडफादरच्या दुसऱ्या भागासमोरच उभा होता. दोघं जिंकणार कसे? कझालला स्वतःला ऑस्करचं नामांकनही कधी मिळालं नाही.

अभिनेत्री मेरिल स्ट्रीपशी त्याचं लग्न झालं नव्हतं. ती त्याची जोडीदार होती आणि कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ होती. आजार माहीत असूनही दिग्दर्शक मायकल चिमिनोने त्याला ‘डिअर हंटर’मध्ये ठेवलं आणि त्याचे प्रसंग आधी उरकून घेतले. मार्च 1978 मध्ये तो गेला, 42 वर्षांचा. सिनेमा लागला डिसेंबरात.