नुसतं ढकलतोयस, ओढणार कोण?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रोज १०० पुशअप, ३० दिवस' असलं एक चॅलेंज निघालं. माझं वय ४३, पोट सुटलेलं, पण मूळचा कोल्हापूरचा. मागे कसा राहणार? १८व्या दिवशी शंभरी गाठली, फोटो टाकला, अंगठे मिळाले. २२व्या दिवशी उजवा हात वर करून फडताळातला पोह्यांचा डबा काढता येईना.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांना सांगितलं. काका तरुणपणी वीसेक वर्षं तालमीत गेलेले. म्हणाले, "काढून दाखव." दहा काढले. ते सुपारी कातरत बघत होते. म्हणाले, "हे जोर न्हवंत. आणि नुसतं ढकलतोयस रं, ओढणार कोण?"

फिजिओथेरपिस्टनेही पुढे फी घेऊन तेच सांगितलं, फक्त लांबलचक शब्दांत. पुशअपमध्ये छाती, खांद्याची पुढची बाजू आणि दंडाचा मागचा स्नायू राबतो. पाठ आणि खांद्याची मागची बाजू यांच्या वाट्याला फारसं काही येत नाही. दिवसभर लॅपटॉपपुढे खांदे पुढे पडलेले, त्यावर रोज शंभर वेळा तेच पुढचे स्नायू वापरायचे आणि मागच्यांना सुट्टी. वर घाईत कोपरं बाहेर फाकलेली.

तालमीत हे का होत नव्हतं? कारण पैलवान फक्त जोर काढून घरी जात नव्हता. तो दोर चढायचा, फावड्याने हौदा म्हणजे कुस्तीची माती उकरायचा, करेला म्हणजे जाड लाकडी मुद्गल घुमवायचा, आणि मग कुस्तीत तासभर कुणाची तरी मान नाहीतर पाय ओढत बसायचा. आपण त्यातले फक्त जोर उचलले. पुढे जोरही टाकले आणि पुशअप घेतला.

हो, जोर आणि पुशअप एक नव्हेत. पुशअपमध्ये अंग फळीसारखं ताठ, खाली-वर. जोर काढताना आधी कंबर वर, हात-पाय ताठ. मग छाती जमिनीला घासल्यासारखी पुढे न्यायची, शेवटी डोकं आणि छाती वर, पुन्हा मागे. खांदा एकाच रेषेत न अडकता मोठा फेरा मारतो, पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी वाकतो. हनुमान जोरात त्यावर एकेक पाय पुढे हाताशेजारी येतो, म्हणजे जांघाही मोकळ्या होतात. मला विचाराल तर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला साध्या पुशअपपेक्षा हेच जास्त उपयोगाचं. पण दुखऱ्या खांद्याने थेट इथून सुरुवात करू नका. मी केली, पंधरा दिवस आणखी वाया गेले.

वजनाचा हिशोब मात्र पुशअपमध्ये सोपा आहे. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार येतो. गुडघे टेकले की तो निम्म्यावर येतो. दोन फूट उंच बाकावर हात ठेवले तर ४० टक्क्यांच्या आसपास, आणि उलट पाय तेवढेच उंच ठेवले तर पाऊण. म्हणजे घरातला ओटा, दिवाण आणि फरशी एवढ्यावर पूर्ण जिम होते. तरी गुडघ्यावरच्या पुशअपला 'बायकी' म्हणून हसणारे महाभाग आहेतच. अर्धवट खाली जाऊन मोजलेल्या त्यांच्या पन्नासांपेक्षा ओट्यावरचे पूर्ण पंधरा मी कधीही जास्त मानेन. माझ्या बायकोने ओट्यापासूनच सुरुवात केली. चहा उकळेपर्यंत तिचे बारा होतात.

हात जवळ घेतले की दंडाचं काम वाढतं, कंबर उंच ठेवून डोकं खाली नेलं की खांद्याचं. हे बहुतेकांना माहीत असतं. न माहीत असलेला प्रकार दिसायला अगदीच फालतू आहे: वर आल्यावर, कोपरं सरळ असतानाच, जमीन आणखी थोडी दूर ढकलायची, पाठीवरची पाती पसरू द्यायची. जेमतेम दोन बोटांएवढी हालचाल. बरगड्यांच्या कडेचा जो स्नायू पात्यांना धरून ठेवतो, तो याने जागा होतो. माझा खांदा सुधारला त्यात याचा वाटा मोठा आहे.

आणि ओढणं. बागेतल्या मुलांच्या कमी उंचीच्या बारखाली आडवा होऊन स्वतःला वर ओढतो, टाचा जमिनीवर. जेवढे जोर, तेवढी ओढ, हा माझा नियम. सुरुवातीला सहात जीव गेला. तेव्हा कळलं की ती शंभरी किती पोकळ होती.

सध्या दिवसाआड २५ होतात, तेही तीन खेपांत. मोजायला मुलगा बसतो. छाती पूर्ण खाली गेली नाही तर कार्टं आकडा पुढे नेतच नाही. काल 'अकरा' चार वेळा म्हणाला.